जुन्या गाडीची लेदर सीट: चमक विकू नका, आयुष्य विका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कार डिटेलिंगच्या धंद्यातला एक छोटासा कोपरा बघितला. क्लासिक गाड्यांच्या लेदर सीटची सफाई आणि निगा. हात कसा चालवायचा, ब्रश कोणता घ्यायचा, हे व्हिडिओत दाखवलंय. इथे मी त्यामागचं माझं मत लिहितोय. ते बऱ्याच जणांना पटणार नाही, तरी शेवटपर्यंत वाचा.

मत असं: या कामात चमक विकायला बसलात, तर आधी गिऱ्हाईकाची सीट जाईल आणि पाठोपाठ तुमचा धंदा जाईल. विकायचं असेल तर सीटचं आयुष्य विका. त्यासाठी बऱ्याचदा कमी काम करावं लागतं, कधी कधी काहीच करायचं नसतं. आणि त्याचेही पैसे घेता आले पाहिजेत.

आता हे सविस्तर बोलू. कारण हल्ली तीन दिवसांचा डिटेलिंगचा कोर्स करायचा, एक व्हॅक्युम आणि पाच बाटल्या घ्यायच्या आणि रेटकार्डवर 'लेदर ट्रीटमेंट' अशी एक ओळ टाकायची, असं सर्रास चाललंय. नव्या गाडीत ते कसंबसं खपून जातं. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या गाडीत खपत नाही. तिथे एका दुपारचं चुकलेलं काम परत फिरवता येत नाही.

पहिला प्रश्न: ही सीट लेदरची आहे तरी का?

हसू नका. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांमध्ये हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या आपल्या घराघरातल्या गाड्या. त्यांच्या बहुतेक सीटा रेक्झिनच्या होत्या. रेक्झिन हे मुळात एका ब्रिटिश मालाचं नाव. कापडावर सेल्युलोजचा थर देऊन चामड्यासारखा पोत उठवायचा, असा तो माल. पुढे व्हिनाइल आलं, पण आपल्या तोंडी नाव रेक्झिनच राहिलं. मर्सिडीजच्या १२३ मॉडेलचं उदाहरण घ्या. ही गाडी १९७६ साली आली आणि आजही भारतात हौशी लोकांकडे दिसते. तिच्या कितीतरी गाड्यांमध्ये 'एमबी-टेक्स' नावाचं व्हिनाइल आहे. ते इतकं चांगलं बनवलेलं आहे की मालक छातीठोकपणे "ओरिजिनल लेदर" म्हणून सांगतो. आणि ब्रिटिश गाड्यांमध्ये तर अनेकदा मिश्र मामला असतो. बसायच्या आणि टेकायच्या जागेवर खरं चामडं, बाजूला आणि पाठीमागे व्हिनाइल.

मग ओळखायचं कसं? सीटच्या खालची किंवा मागची कड बघा, जिथे माल आत दुमडलेला असतो. उलट्या बाजूला केसाळ, मऊसर तंतू दिसले तर चामडं. कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. वास आणि स्पर्श यांच्यावर विसंबू नका, पन्नास वर्षांत दोन्ही बदललेले असतात.

मालक सांगतो म्हणून लेदर धरून चाललात आणि व्हिनाइलवर महागडं लेदर कंडिशनर चोळलंत, तर गिऱ्हाईकाचे पैसे घेऊन तुम्ही त्याला शून्य दिलंत. उलट गाडीचा मालक जाणकार निघाला, तर तुमचं अज्ञान पाच मिनिटांत उघडं पडेल. क्लासिक गाडीवाल्यांचं जग छोटं असतं मित्रांनो. मुंबई-पुण्यातले हौशी मालक एकमेकांना ओळखतात. चांगलं नाव पसरायला वेळ लागतो, वाईट नाव पुढच्या रॅलीच्या आत सगळ्यांकडे पोचतं.

जुनं लेदर वेगळं का असतं

चामडं म्हणजे जनावराच्या कातड्यातल्या तंतूंचं जाळं. ते कुजू नये म्हणून कमावतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ही आपल्याकडची जुनी वनस्पती-पद्धत. गाड्यांच्या सीटचं बहुतेक चामडं आज क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. जुन्या गाडीत दोन्हींपैकी काहीही सापडू शकतं.

पण आपल्या कामासाठी जास्त महत्त्वाचा आहे तो वरचा रंगाचा थर. आजच्या गाडीत चामड्यावर रंग आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. तो बऱ्यापैकी चिवट असतो. म्हणजे आज तुम्ही 'लेदर' साफ करता तेव्हा खरं तर तो प्लास्टिकसारखा थरच साफ करत असता. जुन्या ब्रिटिश गाड्यांची गोष्ट निराळी. त्या काळात रोल्स-रॉइस, जॅग्वार यांच्यासारख्यांना चामडं पुरवणारं मोठं नाव म्हणजे कॉनोली. १८७८ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी, २००२ साली तिचा चामड्याचा कारखाना बंद झाला. तशा जुन्या चामड्यावर रंगासाठी सेल्युलोज लॅकर असायचा. पातळ, सुंदर आणि नाजूक.

आता डोक्यात घंटी वाजली पाहिजे. सेल्युलोज लॅकर कशात विरघळतो? थिनरमध्ये! आणि आपल्या गॅरेजमध्ये सगळ्यात सहज हाताशी काय असतं? तेच थिनर. सीटवर बॉलपेनची रेघ दिसली, पोऱ्याने थिनरचं फडकं फिरवलं, रेघ गेली. सोबत रंगही गेला आणि खाली फिकट चट्टा उरला. रेघ असती तर ती गाडीच्या इतिहासाचा भाग म्हणून खपली असती. चट्टा खपत नाही.

आणखी एक. कंडिशनर लावून चामड्याला "खाऊ घालायचं", ही भाषा सोडा. चामडं जिवंत नाही. ते खात नाही, श्वास घेत नाही. वरचा थर शाबूत असेल तर कंडिशनर आत फारसं जातच नाही, वर बसून राहतं. थर फाटलेला असेल तर भेगांमधून हवं त्यापेक्षा जास्त आत जातं. आणि एकदा तुटलेले तंतू कोणत्याही बाटलीने परत जोडले जात नाहीत. भेग भरणं आणि रंग देणं हे वेगळं काम आहे, त्याला दुरुस्ती म्हणतात. साफ करणं, जपणं आणि दुरुस्त करणं ही तीन कामं आहेत, त्यांचे तीन दर आहेत. रेटकार्डवर तिन्ही एका ओळीत टाकलीत की गोंधळ तुम्हीच घातला.

चमक कशी बुडवते

चमक आणायचे आपल्याकडचे लाडके उपाय एकेक करून बघू.

खोबरेल तेल. स्वस्त, घरात असतं, लावलं की सीट लगेच गडद आणि तुकतुकीत दिसते. मालक खूश. पण तेल उडून जात नाही. भेगांमधून आत मुरतं, डाग पाडतं, धूळ धरून ठेवतं आणि जुनं झालं की खवट वास सोडतं. सुती टाक्यांमध्येही ते शिरतं. घोड्याच्या खोगिराला तेल लावतात म्हणून सीटलाही लावायचं, हा तर्क चुकीचा आहे. खोगीर आणि रंगाचा थर दिलेली सीट या दोन वेगळ्या वस्तू.

बुटाचं पॉलिश. त्यात मेण, रंग आणि द्रावक असतं. बुटावर कोणी पांढरी पँट घालून बसत नाही, सीटवर बसतात.

सिलिकॉनची चकचकीत बाटली, डॅशबोर्डवाली. सीट निसरडी होते. त्याहून वाईट म्हणजे उद्या कोणाला त्या सीटला नीट रंग द्यायचा झाला, तर सिलिकॉनवर रंग धरत नाही. म्हणजे तुम्ही पुढच्या कारागिराचं कामही बिघडवून ठेवलंत.

कपड्याचा साबण, डिटर्जंट, खाण्याचा सोडा. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ४ ते ५ च्या आसपास. साबण आणि सोडा ७ च्या वर, उलट्या दिशेला. मळ निघतो खरा, पण रोजचा हा मारा चामडं कोरडं आणि कडक करतो.

स्टीम आणि हॉट एअर गन. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि कडक होतं. आकसलेलं चामडं परत ताणलं जात नाही, शिवणीपाशी फाटतं.

हे सगळे उपाय पहिल्या दिवशी छान दिसतात. फोटो काढायला, स्टेटसला टाकायला उत्तम! आणि इथेच धंद्याचा सापळा आहे. ज्या कामाचा निकाल पहिल्या दिवशी सुंदर आणि सहाव्या महिन्यात वाईट असतो, ते काम करणारा माणूस गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कधी बघतच नाही. त्याला रोज नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं. मग तो दर पाडतो, मग स्वस्त बाटली आणतो. तुम्ही अशी दुकानं तुमच्याच गल्लीत बघितली असतील.

मग करायचं काय

पद्धत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही.

आधी बघा. पूर्ण उजेडात प्रत्येक सीटचे फोटो काढा. भेगा, उसवलेले टाके, डाग, रंग उडालेली जागा सगळं टिपा. जुन्या गाड्यांत टाके सुती दोऱ्याचे असतात आणि ते आतून कुजलेले असू शकतात. शिवण हलकी दाबून बघा. खाली स्प्रिंगा, काथ्या, घोड्याचे केस अशी गादी असेल तर तिच्यात पाणी गेलं की दिवसेंदिवस वाळत नाही, हे लक्षात ठेवा.

मग मऊ ब्रशच्या तोंडाने व्हॅक्युम. शिवणीतली वाळू आधी निघालीच पाहिजे. वाळूवर फडकं फिरवणं म्हणजे सीटला पॉलिश पेपर मारण्यासारखं आहे.

मग लपलेल्या कोपऱ्यात चाचणी. पाण्याचा एक थेंब ठेवा. तो मण्यासारखा राहिला तर थर शाबूत आहे. लगेच शोषला गेला आणि जागा काळवंडली तर थर गेलाय, तिथे ओलं काम कमीत कमी. त्यानंतर त्याच कोपऱ्यात तुमचं क्लीनर पांढऱ्या फडक्यावर घेऊन हलकं फिरवा. फडक्याला मळकट करडा रंग लागला तर तो मळ. सीटचाच रंग लागला तर थांबा.

क्लीनर चामड्यासाठीचं, सौम्य पीएचचं घ्या. ते सीटवर ओतू नका. ब्रशवर किंवा स्पंजवर घेऊन फेस करा आणि फक्त फेस सीटवर लावा. एका वेळी हाताच्या पंजाएवढे दोन-तीन पंजे जागा. मऊ ब्रश गोल गोल, दाब न देता. लगेच स्वच्छ, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या. पाणी शक्यतो आरओचं किंवा डिस्टिल्ड. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग गडद सीटवर लगेच दिसतात.

डोकं टेकतं ती जागा आणि हात टेकतात ती कड, इथे जास्त वेळ द्या. आपल्याकडे केसांना तेल लावायची सवय, ते तेल वर्षानुवर्षं मुरून तिथला रंगाचा थर मऊ करतं. एका बैठकीत सगळं निघणार नाही. दोन दिवसांनी परत करा. जोर लावून एकदाच काढायला जाऊ नका.

मग वाळू द्या. सावलीत, दारं उघडी ठेवून, रात्रभर. शेवटी थर शाबूत असेल तिथे पाण्यावर आधारलेलं प्रोटेक्टर पातळ लावा. थर झिजलेला आणि चामडं कोरडं असेल तिथे चामड्याचं क्रीम, अगदी थोडं, आणि अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्यायचं. काम संपल्यावर सीट मंद, कोरडी, स्वच्छ दिसली पाहिजे. हात तेलकट झाला तर काम चुकलं.

आणि एक खूण पाठ करून ठेवा. सीटवर बोट फिरवल्यावर तांबूस भुकटी हाताला लागली, तर त्याला 'रेड रॉट' म्हणतात. वनस्पती-पद्धतीने कमावलेलं चामडं प्रदूषित, दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की असं होतं. जुन्या ग्रंथालयातल्या चामडी बांधणीच्या पुस्तकांवर हे दिसतं. हे चामडं बरं होत नाही. पाणी लावलं तर काळं आणि ठिसूळ होतं. अशी सीट दिसली की हात मागे घ्या आणि मालकाला स्पष्ट सांगा.

खरी निगा बाटलीत नाही, कॅलेंडरमध्ये आहे

आपल्या हवामानात सीटचे दोन मोठे शत्रू: एप्रिल-मेचं ऊन आणि जून ते सप्टेंबरची ओल.

बाहेर ४० अंश असताना उन्हात बंद उभ्या गाडीत आतलं तापमान सहज ६० च्या वर जातं. त्यात काचेतून येणारं ऊन रंग फिका करतं आणि चामडं सुकवतं. यावर उपाय सावली. काचेला पडदा, सीटवर सुती चादर. फुकटचे उपाय आहेत, पण कोणीतरी सांगावे लागतात.

पावसाळ्यात उलट. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. मुंबईत, कोकणात, गोव्यात तर महिनोन्‌महिने ती त्याच्या वरच असते. त्यात मालक काळजीपोटी गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधतो आणि आतली ओल आतच कोंडतो. हवा खेळती राहील असं कापडी कव्हर, आत सिलिका जेलच्या पिशव्या, आणि कोरड्या दिवशी तासभर दारं उघडी. बुरशी आलीच तर गाडी उघड्यावर घ्या, तोंडाला मास्क लावा, मऊ ब्रशने कोरडीच झाडा, मग पुसा. बंद गॅरेजमध्ये झाडलीत तर तीच बुरशी गालिचावर बसेल.

आता बघा, या सगळ्यात तुम्ही काय विकताय? नजर. दर पंधरा-वीस दिवसांनी येऊन कोणीतरी गाडी उघडून बघणं. बहुतेक क्लासिक गाड्यांचे मालक कामात असलेली, वय झालेली, किंवा गाडी दुसऱ्या शहरात ठेवलेली माणसं असतात. त्यांना बाटली ऑनलाइन मिळते. विश्वासाचा माणूस मिळत नाही.

'हात लावू नका' म्हणायचे पैसे

जुन्या गाड्यांच्या जगात गेल्या काही वर्षांत विचार बदललाय. ऐतिहासिक वाहनांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, 'फिवा', तिच्या ट्युरिन चार्टरमध्ये जपणूक आणि पुनर्बांधणी या गोष्टी वेगळ्या सांगितल्यात, आणि पुन्हा नवं करण्यापेक्षा असलेलं जपण्याला मान आहे. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांमध्ये मूळ अवस्थेत जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२१ साली ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. २०,००० रुपये शुल्क, नंबरात 'व्हीए' अक्षरं, आणि अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नियमात सीटचा उल्लेख नाही. पण मालकांच्या डोक्यात 'ओरिजिनल' या शब्दाची किंमत शिरली ती शिरलीच.

म्हणून पन्नास वर्षांची, घड्या पडलेली, कडेला रंग उडालेली पण मूळ सीट ही आज गाडीच्या किमतीचा भाग आहे. ती बदलायची म्हटली तर पूर्ण सेट बदलावा लागतो, कारण नवा तुकडा जुन्या रंगाशी कधीच तंतोतंत जुळत नाही. आणि बाहेरचं चामडं मागवून, चांगल्या कुशनवाल्याकडून पूर्ण सेट करायचा तर खर्च लाखात जाऊ शकतो. अशा सीटवर तुमचं पहिलं काम म्हणजे ती आणखी बिघडणार नाही एवढं बघणं.

यासाठी एक कागद तयार करा. 'सीट पाहणी अहवाल'. त्यात फोटो, माल कोणता (चामडं की व्हिनाइल, कुठे काय), थराची अवस्था, टाक्यांची अवस्था, चाचणीचा निकाल, तुम्ही काय कराल, काय करणार नाही आणि का. खाली दोघांच्या सह्या. या कागदाचे वेगळे पैसे घ्या. काम मिळालं तर बिलातून वजा करा, नाही मिळालं तर ते तुमच्या ज्ञानाचे पैसे. लोक म्हणतात, "नुसतं बघायचे पैसे?" डॉक्टर नुसतं बघायचेच पैसे घेतो. फरक एवढाच की डॉक्टर लाजत नाही.

हाच कागद वाद झाला तर तुमचं रक्षणही करतो. "ही भेग आधीपासून होती," हे तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. तारखेसह फोटो असला की आवाज आपोआप खाली येतो.

हिशोब मांडू

आकडे उदाहरणादाखल धरा, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

समजा पाहणी ५०० रुपये. मेमध्ये पावसाळ्याआधीची सफाई आणि प्रोटेक्शन ३,००० रुपये. पावसाळ्यात दोन फेऱ्या, प्रत्येकी ७०० रुपये. दिवाळीनंतरची सफाई २,००० रुपये. एका गाडीचे वर्षाला ६,९०० रुपये. अशी २० गिऱ्हाईकं बांधलीत तर १,३८,००० रुपये. महिन्याला साडेअकरा हजार, त्यातून सामान आणि पेट्रोल वजा.

खरं सांगतो, एवढ्यावर घर चालणार नाही. जो कोणी "क्लासिक कारमध्ये लाखो कमवा" असं सांगेल त्याच्यापासून लांब राहा. रोजची चूल पेटायला साध्या गाड्यांची सफाई लागेलच. पण या वीस गाड्या दोन गोष्टी देतात. एक, वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेलं उत्पन्न, मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला कामाचं बुकिंग. दोन, नाव. जो माणूस पन्नास वर्षांच्या जॅग्वारची सीट हाताळतो, त्याच्याकडे शेजारची माणसं आपली दोन वर्षांची एसयूव्ही डोळे झाकून देतात. क्लासिक गाडी तुमची पाटी आहे, गल्ला साध्या गाड्यांवर भरतो. दोन्ही लागतात.

"पण सर, गिऱ्हाईक चमकच मागतं!"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो आणि तो खोटा नाही. समोरचा माणूस म्हणतो, "पुढच्या रविवारी रॅली आहे, सीट चमकली पाहिजे, पैशाचं बोलू नका." अशा वेळी तत्त्वज्ञान सांगून पोट भरत नाही.

दोन गोष्टी करा. त्याला वाद घालून पटवू नका, दाखवा. सीटच्या एका कडेचा पंजाएवढा भाग नीट साफ करा आणि त्याला शेजारचा भाग बघायला सांगा. स्वच्छ चामड्याचा खरा रंग बऱ्याच मालकांनी कित्येक वर्षांत बघितलेला नसतो. ते ज्याला 'चमक गेली' म्हणतात, ती अनेकदा मळाची पापुद्री असते, आणि उलट, त्यांना आठवणारी 'चमक' म्हणजे मळाचा आणि तेलाचा तुकतुकीतपणा असतो. हा फरक डोळ्यांनी दिसला की दहापैकी काही जण लगेच वळतात.

जे वळत नाहीत त्यांना नम्रपणे नाही म्हणा. "साहेब, हे मी करत नाही, सीट बिघडेल." तो माणूस जाईल, दुसरीकडून चमकवून घेईल. जाऊ द्या. त्या दिवसाचे हजार रुपये गेले, हे दुखतं, मला माहीत आहे. नव्या माणसाला हजार रुपये ही छोटी रक्कम नसते. पण सीट सहा महिन्यांनी चिकट झाली की त्याला तुमचंच वाक्य आठवेल. आणि नाही आठवलं, तरी निदान बिघडलेल्या सीटवर तुमचं नाव नसेल.

याच जागी बरेच तरुण कच खातात, कारण त्यांनी धंद्याची सुरुवात बाटल्या विकत घेऊन केलेली असते. बाटली घेतली की ती संपवावीशी वाटते. त्याऐवजी सुरुवात माणसांपासून करा. तुमच्या गावातला जुना कुशनवाला शोधा, त्याच्याकडे आठवडाभर बसा. मुंबईत असाल तर धारावीच्या लेदर बाजारात चामड्याचे वेगवेगळे प्रकार हातात घेऊन बघा, उलटी बाजू बघा, थेंब टाकून बघा. भंगारातून एक जुनी लेदर सीट मिळवा आणि तिच्यावर वर सांगितलेले सगळे चुकीचे उपाय मुद्दाम करून बघा. अर्धी सीट नीट, अर्धी सीट तेल-पॉलिश-साबण. सहा महिने उन्हात ठेवा. ती सीट दुकानात दर्शनी ठेवा. तिच्याहून चांगली जाहिरात तुम्हाला कोणी करून देणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीतली एक जुनी गाडी शोधा. काहीही साफ करू नका. फक्त सीट पाहणी अहवाल भरा, फोटोसह, आणि मालकाला वाचून दाखवा. त्याने तुमचं ऐकून आणखी दोन प्रश्न विचारले, तर समजा या धंद्यात तुमचं पहिलं पाऊल पडलं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, धंदा करा, नेटाने करा!